गाव वाढतंय, पण गटार कुठं जातंय?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या भागात एका अपरिचित आजाराने लोकांची झोप उडवली. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे नाव त्याआधी तिथे फारसे कुणी ऐकलेले नव्हते. आधी जुलाब, पोटदुखी आणि मग काही दिवसांनी हातापायांतली ताकद जाणे, असे या दुखण्याचे स्वरूप. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच नसांवर उलटते. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावले. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो.

आपण म्हणू, हा शहराचा आजार, आपल्याला काय त्याचे? पण ज्या भागात हे रुग्ण जास्त निघाले त्यांची नावे वाचा : नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. ही सगळी परवापरवापर्यंत गावे होती. तिथे ग्रामपंचायत होती, सरपंच होते, तलाठी सजा होता. धायरी २०१७ साली महापालिकेत गेली, बाकीची २०२१ साली. शेतात इमारती उभ्या राहिल्या, माणसे दसपट झाली, पण या भागातल्या बऱ्याच लोकांना पाणी मिळत होते ते विहिरीचेच, क्लोरिन टाकून सोडलेले. शेत गेले, गाव गेले, शहर मात्र अजून आले नाही, अशी ही अवस्था.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट सांगायचे कारण असे, की आज तालुक्याच्या गावाला लागून असलेले, हमरस्त्यावरचे, साखर कारखान्याजवळचे, एमआयडीसीच्या कडेचे प्रत्येक गाव याच वाटेवर आहे. प्लॉट पडत आहेत, घरे होत आहेत. पण गाव कसे वाढावे हे ठरवायला कुणी बसलेले नाही. शहराची आखणी हा शब्द ऐकला की आपल्याला चौक, पुतळे आणि रंगीत दिवे आठवतात. खरे पाहता आखणी म्हणजे पाणी कुठून येणार, घाण कुठे जाणार, वारा कुठून शिरणार आणि आजारी माणसाला बाहेर कसे काढणार, या चार प्रश्नांची उत्तरे घर बांधण्याआधी ठरवणे. ही उत्तरे घरे झाल्यावर शोधायची म्हटले, की मग भांडणे आणि कोर्टकचेऱ्या.

प्लेगने शिकवलेले धडे

आपल्या राज्याला हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. गोदामे, धान्य, उंदीर आणि दाटीवाटीच्या, उजेड न येणाऱ्या चाळी. पुढे तो पुण्यात आणि खेड्यापाड्यांत पसरला. आपल्या पणजोबांच्या काळातील माळावरच्या झोपड्यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जात, त्या याच साथीच्या. सरकारने १८९८ साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्तीतून समुद्राचा वारा शिरावा म्हणून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. आज तिथले रुंद रस्ते आणि झाडे दिसतात ती त्यामुळेच.

पण त्याच ट्रस्टने एक चूकही केली. घाणेरड्या म्हणून जितकी घरे पाडली, तितकी गरिबांना परवडणारी घरे वेळेत बांधली नाहीत. हटवलेली माणसे जवळच्याच गल्लीत, आधीपेक्षा जास्त गर्दी करून राहिली. म्हणजे आजार हलला, गेला नाही. अतिक्रमण हटाव मोहीम काढताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा धडा इंदूरचा. तिथे होळकरांचे राज्य होते. पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाला दरबाराने नगररचनेसाठी बोलावले. त्याचा अहवाल १९१८ साली छापला गेला. हाच गेडीस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचे म्हणणे असे, की जुने गाव पाडून नवे सरळ रेषेतले गाव करण्याची गरज नाही. चांगला वैद्य जसा कमीत कमी कापतो, तसे एखादे पडके घर काढा, दोन गल्ल्या जोडा, विहिरीजवळ छोटा चौक मोकळा करा, झाड लावा. इंदुरात प्लेग आणि मलेरिया होता. गेडीसने दिवाळीची मोठी मिरवणूक काढली आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागात लोकांनी घरे आणि रस्ते सर्वांत जास्त साफ केले असतील, तिथूनच जाईल. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोक झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत प्लेगचा भलाथोरला उंदीर आणि मलेरियाचा डासही होता. आपल्याकडच्या गावाला ही युक्ती आजही लागू पडेल. पालखीचा, गणपतीचा मार्ग स्वच्छतेवर ठरवा आणि बघा.

तिसरा धडा आपल्या हयातीतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत झाली, हे मोठेच काम झाले. पण अनेक नव्या गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी चौकटीत झाली. रस्ते रुंद, प्लॉट मोठे, गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलेले. त्यामुळे नळाची पाइपलाइन लांबली, गटारे लांबली, दिवे वाढले आणि हे सगळे सांभाळायचे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पट्टीतून. म्हणजे रुंद रस्ता केला की आरोग्य आले, असे नव्हे. जे सांभाळता येईल तेच आखावे.

आणि सांभाळणे सुटले की काय होते ते १९९४ साली दिसले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेग निघाला. भूकंपाच्या भीतीने लोक घराबाहेर राहिले, घरातले धान्य तसेच पडून राहिले आणि उंदीर माजले, असे कारण तेव्हा सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगची साथ आली. तापीचा पूर, तुंबलेले पाणी, कचऱ्याचे ढीग. खानदेशातली कितीतरी माणसे पोटासाठी सुरतेत होती, ती रातोरात गावाकडे निघाली. त्याच सुरतेने १९९५ नंतर रोजच्या रोज कचरा उचलणे, गटारे उपसणे आणि अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर असणे हा नेम लावला आणि देशातल्या स्वच्छ शहरांत नाव मिळवले. शहर तेच होते, माणसेही तीच होती, फक्त नेम बदलला.

नळ आला, सांडपाण्याचे काय?

आता आपल्या गावाकडे या. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडते, असा हिशेब अभियंते धरतात. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर पाणी आले, तर ८८ हजार लिटर सांडपाणी झाले. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. रोज! पूर्वी बायका डोक्यावरून पाणी आणत तेव्हा ते जपून वापरले जाई आणि उरलेले परसात मुरून जाई. आता नळ दारात आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नऊ टँकर सांडपाणी कुठे जाणार याचा विचार नळयोजनेच्या वेळी कुणी केला?

बहुतेक गावांत उत्तर ठरलेले असते : सिमेंटचे उघडे गटार. निधी आला की आधी सरपंचाच्या किंवा सदस्याच्या गल्लीत गटार होते. ते जिथे निधी संपला तिथे संपते. पाणी मात्र संपत नाही, ते तिथेच साचते. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास होतात. विदर्भ-मराठवाड्यात हत्तीरोग पसरवणारे ते हेच.

आणि गटार कुठे संपते, हेही उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जुन्या गावांत दलित वस्ती बहुधा सखल बाजूला, पाण्याच्या उताराच्या शेवटी ठेवलेली असे. नवे गटारही त्याच उताराने जाते. गावाचे सगळे सांडपाणी एका वस्तीच्या दारात जाऊन तुंबायचे आणि मग तिथल्या लोकांना “तुमच्याकडं स्वच्छता नसते” असे म्हणायचे, हा कुठला न्याय? गटाराचे काम नेहमी खालच्या टोकापासून सुरू करावे लागते. आधी पाणी कुठे सोडायचे आणि त्यावर काय प्रक्रिया करायची ते ठरवायचे, मग वर यायचे. वरून खाली बांधत आलेले गटार म्हणजे शेजाऱ्याच्या अंगावर ओतलेली बादली.

यावर स्वस्त उपाय आपल्याच राज्यात झाला आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बंद केली आणि गावातले डास हटले. पुढे जिल्हा परिषदेने ही पद्धत रोजगार हमीतून इतर गावांत नेली, तिला नांदेड पॅटर्न म्हणतात. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मध्ये सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोके. टाकीच्या बाहेर दगड, खाली मोठे आणि वर लहान. मोरीचे पाणी आधी टाकीत पडते, गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत मुरते. वरून झाकण घट्ट, म्हणजे डासाला आत वाट नाही.

मात्र शोषखडा म्हणजे जादू नव्हे. चिकट काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते. पावसाळ्यात जिथे पाणी जमिनीच्या अगदी वर येते, तिथे तो चालत नाही. पाण्याच्या विहिरीला किंवा बोअरला चिकटून तो कधीही घेऊ नये. आणि टाकीतला गाळ अधूनमधून काढावाच लागतो. नाहीतर वर्षभरात खड्डा भरतो आणि लोक म्हणतात, “सरकारची योजना अशीच असते.” जिथे घरे इतकी दाट की खड्ड्याला जागाच नाही, तिथे बंद गटार आणि गावाबाहेर सांडपाण्याचे तळे हाच मार्ग. ज्यांच्याकडे परसबाग आहे त्यांनी तर हे पाणी केळी-आळूला सोडावे, दुसरे काही करायची गरज नाही.

विहीर, संडास आणि नळाची चीर

आता संडास घरोघरी झाले. पण तो खड्डा आणि शेजाऱ्याचा बोअर यांत किती अंतर आहे हे किती जणांनी मोजले? साधारण १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट अंतर ठेवावे असे सांगितले जाते. खडकाला भेगा असतील तर त्याहून जास्त. गुंठ्या-दीड गुंठ्याच्या प्लॉटमध्ये हे अंतर बसतच नाही. समोर बोअर, मागे संडास आणि शेजाऱ्याचे नेमके उलटे, म्हणजे याचा संडास त्याच्या बोअरला खेटून. म्हणून दाट वस्तीत प्रत्येकाने बोअर घेण्याऐवजी वस्तीला एक सुरक्षित नळयोजना असणे, हे पैशाच्याही आणि आरोग्याच्याही दृष्टीने बरे. संडास दोन खड्ड्यांचा असावा. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला की त्यातले कोरडे सोनखत शेताला चालते.

जीबीएसच्या साथीने दाखवले, की विहिरीत टीसीएल पावडर टाकली की काम झाले, असे समजून चालत नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरिन पोचते का, ही ओटी चाचणी रोज झाली पाहिजे. आणि एक गोष्ट ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी जाणतो, पण सभेत कुणी बोलत नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर किंवा एकाआड एक दिवस येते. पाणी बंद झाले की नळीत पोकळी होते. नळी गटारातून गेली असेल आणि तिला बारीक चीर असेल, तर ती गटाराचे पाणी आत ओढते. त्यात काही घरांत नळाला थेट मोटार लावतात, म्हणजे ओढ आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिला हंडा त्या घाणीचा. म्हणून नळाची लाइन आणि गटार यांची जागा वेगळी ठेवणे, व्हॉल्व्हचे खड्डे कोरडे ठेवणे आणि मोटारी बंद करणे हा काही टापटिपीचा विषय नाही, तो जुलाब-काविळीचा विषय आहे.

एकाआड एक दिवस पाण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे पिंप, रांजण, सिमेंटच्या टाक्या. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास गटारात होत नाही, तो अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. २००६ साली चिकुनगुनियाने गावेच्या गावे कशी खाटेला खिळवली, ते विसरता येणार नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आशाताई सांगतात ते यासाठीच. पण पाणी नेमाने रोज थोडे आले, तर पिंपेच कमी होतील. म्हणजे पाणी सोडण्याचे वेळापत्रक हेसुद्धा डेंग्यूचे औषध आहे.

गुंठ्यांचा बाजार आणि दहा फुटी बोळ

आता जरा कडू बोलू. गावाच्या आरोग्याचा सर्वांत मोठा निर्णय आज दवाखान्यात होत नाही, तो एखाद्या बांधावर होतो. एकर-दोन एकर रस्त्यालगतची जमीन, त्यात मारलेले चुन्याचे फक्के आणि “कागदाचं नंतर बघू, आधी ताबा घ्या” असे आश्वासन. घेणाराही आपल्यातलाच : शिक्षक, एसटीचा वाहक, कारखान्यातला कामगार, शेत विकून आलेला शेतकरी.

हिशेब करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, चौकोनी धरले तर प्रत्येक बाजू सुमारे २०९ फूट. मधून ३० फुटांचा रस्ता सोडला तर पावणेसहा गुंठे जागा जाते. दहा फुटांचा बोळ सोडला तर दोन गुंठे. म्हणजे फरक चार गुंठ्यांचाही नाही. या चार गुंठ्यांसाठी पुढच्या शंभर वर्षांचा रस्ता मारला जातो. मग १०८ ची ॲम्ब्युलन्स तोंडाशी थांबते आणि बाळंतीण बाईला खाटेवरून बाहेर आणावे लागते. घंटागाडी आत जात नाही, म्हणून कचरा कोपऱ्यावर. गटाराला जागा नाही, म्हणून पाणी रस्त्यावर. घर शेजाऱ्याला चिकटवून बांधले, म्हणून खिडकी नाही, आणि जिथे उजेड-वारा नाही तिथे क्षयरोगाच्या एका रुग्णाकडून घरातल्या चौघांना लागण व्हायला वेळ लागत नाही.

मंजूर लेआउटमध्ये रस्त्यांची रुंदी ठरलेली असते आणि मोठ्या क्षेत्रात साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती जागा म्हणजे वाया गेलेला प्लॉट नव्हे. पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना फिरायला, पावसाचे पाणी मुरायला ती लागते. मधुमेह, रक्तदाब आता गावातही घरोघर आहेत, आणि डॉक्टर म्हणतात रोज चाला. चालायचे कुठे? हमरस्त्यावर ट्रकच्या कडेने?

आणि ओढा. प्लॉट पाडताना ओढा नांगरून टाकण्याची चाल सगळीकडे पडली आहे. ओढा वर्षातून आठ महिने कोरडा असतो, म्हणून तो नाही असे नव्हे. गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला बांधावर घेऊन जा आणि विचारा, पाणी कुठून यायचं आणि कुठं जायचं. तो काठीने रेघ मारून दाखवेल. त्या रेघेवर घर होऊ देऊ नका, एवढे जरी केले तरी पुष्कळ. गोठा आणि उकिरडाही घराच्या आणि विहिरीच्या वरच्या अंगाला नको, खालच्या अंगाला हवा.

नकाशात एक वस्ती कधीच नसते, ती ऊसतोडणी कामगारांची. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या या कोप्या ओढ्याच्या काठी किंवा कालव्याच्या भरावावर पडतात. ना नळ, ना संडास, ना दिवा. बाया अंधारात उठतात. पाणी कालव्याचे. त्या पाच महिन्यांत तिथे जुलाबाची साथ आली तर ती तिथेच थांबेल असे समजू नये, विहीर आणि ओढा दोघांचा एकच आहे. गावाने एक उंचवट्याची जागा, दोन नळ आणि चार संडास ठरवून ठेवले, तर कारखान्याकडेही त्यासाठी हक्काने मागता येईल.

ग्रामसभेच्या टेबलावर नकाशा ठेवा

हे सगळे करायला अधिकार आहेत का? आहेत. गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे, गावठाणवाढीचा ठराव आणि पाठपुरावा मात्र गावाला करावा लागतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये बांधकाम परवानगीची, तर कलम ५३ मध्ये रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमण दूर करण्याची तरतूद आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला प्रादेशिक आराखड्यात बसणारा बिनशेती वापर आता सोपा झाला आहे, म्हणजे घरांचा दाब येणार तो नेमका याच पट्ट्यावर. त्या पट्ट्यातले रस्ते आणि ओढे आजच नकाशावर टाकले पाहिजेत.

पैशाचे म्हणाल, तर १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. शोषखड्ड्यांना रोजगार हमी आहे. निधीची ओरड आपण नेहमी करतो आणि ती खोटी नाही. पण आलेला निधी नकाशाशिवाय खर्च होतो, हीही तितकीच खरी गोष्ट आहे.

नकाशा कसा करायचा? १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, एका भागात सहाशेवर माणसे मेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्या माणसांची घरे नकाशावर खुणेने मांडली. खुणा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. पंपाचा दांडा काढून टाकला. पुढे तपासात निघाले, की पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत एका घराचा मैल्याचा खड्डा झिरपत होता. तेव्हा पटकीचा जंतू काय हे लोकांना माहीतही नव्हते. तरी नकाशाने काम केले.

आपल्याकडे तर साधने जास्त आहेत. स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप झाले आहे, अनेक गावांना मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत. तो नकाशा मोठा करून ग्रामसभेत भिंतीवर लावा. त्यावर आधी पाण्याच्या विहिरी, बोअर, टाकी आणि नळाची लाइन निळ्या रंगाने काढा. गटारे आणि ती जिथे संपतात ती जागा काळ्या रंगाने. मग आशाताई आणि आरोग्यसेवक यांनी आपल्या नोंदवहीतून गेल्या दोन वर्षांतले ताप, जुलाब आणि काविळीचे रुग्ण ज्या गल्लीत निघाले, तिथे लाल ठिपके द्यावेत, नावे न लिहिता. ॲम्ब्युलन्स शिरत नाही त्या बोळांवर फुली मारा. पाण्याच्या स्रोताचे सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते आणि गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ते कार्ड कपाटात न ठेवता नकाशाशेजारी लावा.

लाल ठिपके जिथे दाटतील तिथे पहिला खर्च. मग त्या गल्लीत कोणत्या पार्टीचा सदस्य राहतो हा प्रश्न उरत नाही. “आमचं गाव, आमचा विकास” आराखडा करताना हा नकाशा समोर असेल, तर कोणते काम आधी यावर भांडण कमी होईल. ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, एकट्याने हे करता येणार नाही. त्यांच्याकडे आधीच दहा कामे असतात. ग्राम आरोग्य समितीतल्या बायांना यात पुढे घ्या. गटार कुठे तुंबते आणि नळाला वास कधी येतो, हे त्यांना सर्वांत आधी कळते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय दिले. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडले. त्या काळी झाडू पुरेसा होता, कारण गाव लहान होते आणि पाणी कमी होते. आता झाडूच्या जोडीला फूटपट्टी आणि नकाशा लागणार आहे.

पावसाळ्याआधी एक काम तर होण्यासारखे आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, पाणी सोडणारा कर्मचारी आणि दोन जुनी माणसे एवढ्यांनी एक सकाळ काढून गटाराच्या कडेने त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे. टोकाला काय आहे ते पाहावे : विहीर, शाळा, कुणाचे घर, की ओढा. पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय तिथेच सापडेल.